दुसरा कॅन चांग लासाठी: लडाखच्या फेरीचा डिझेलचा हिशेब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाडी इसुझूची व्ही-क्रॉस पिकअप, फोर बाय फोर, डिझेल, टाकी ७६ लिटरची. सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात मनालीहून निघायचं आणि सरचू, त्सो कार, त्सो मोरीरी, हानले, उमलिंग ला ('ला' म्हणजे खिंड), चुशूल, पँगाँग असं करत शेवटी लेह गाठायचं. गाडी पुणे-कोल्हापूर रस्त्यावर साडेबाराचं ॲव्हरेज देते. सोबत मित्राची पेट्रोलवरची मारुती जिम्नी आहे. जेरीकॅन, म्हणजे जादा तेलाचे डबे, दोन न्यावेत की चार, एवढं एका ओळीत सांगा, असं तुम्ही म्हणता.

एका ओळीतलं उत्तर आहे: मार्ग थोडा बदललात तर दोन, आहे तसाच ठेवलात तर चार. पण ते तसंच घेऊन निघू नका. तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. गाडी एकूण किती डिझेल पिईल, हा पहिला. तो सगळेच विचारतात आणि गुणाकार-भागाकार करून सुटतो. दुसरा असा, की पुढचा रस्ता बंद निघाला तर जिथे असाल तिथून मागच्या खात्रीच्या पंपापर्यंत परत यायला पुरेल इतकं तेल गाडीत असेल का? चांगथांगात, म्हणजे पूर्व लडाखच्या उंच पठारावर, गाडी अडकते ती बहुधा हा प्रश्न विचारलेलाच नसतो म्हणून. एकूण बेरीज बरोबर असते, पण बेरीज पुढे जाण्याची असते आणि माघारी फिरायची वेळ येते.

माझे आकडे मी माझ्या गाड्यांवरून आणि सोबतच्या ताफ्यांवरून धरलेले आहेत. तुमचे टायर, हौद्यातलं वजन, छपरावरचा तंबू आणि चालवणाऱ्याचा पाय यांनी ते दहा-पंधरा टक्के सहज इकडेतिकडे होतील. अंतरंही ठोकळ धरली आहेत. तिथले रस्ते दरवर्षी थोडे सरळ होतात किंवा वाहून जाऊन लांब होतात. तेव्हा पद्धत माझी घ्या, आकडे तुमचे भरा.

साडेबाराच्या ॲव्हरेजपासून सुरुवात करू. तो आकडा लडाखसाठी बाजूला ठेवा. तो कमी होईल असंच मी म्हणत नाही. काही ठिकाणी तो वाढेलही. 'उंचीवर गाडी तेल पिते' हे अर्धसत्य आहे. ५,००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच जास्त असतो. इंजिनाची ताकद त्यामुळे घटते, पण इंजिनात हवा दाबून भरणारा टर्बो बरीच भरपाई करतो आणि विरळ हवेचा गाडीला होणारा विरोधही कमी असतो. उपशी ते माहे हा सिंधूच्या काठाने जाणारा डांबरी रस्ता पन्नासच्या वेगाने कापलात, तर महामार्गावर ११० ने जाताना मिळतं त्याच्या जवळपास ॲव्हरेज मिळेल. तेल जातं ते खालच्या गिअरमध्ये, वाळूत, खडीत आणि उभ्या गाडीत. ताकद कमी म्हणून तुम्ही तिसऱ्याऐवजी दुसरा टाकता, दुसऱ्यात इंजिन जास्त फिरतं, आणि किलोमीटर मात्र तेवढेच पडतात.

म्हणून जिथे फोर-लो, म्हणजे चारही चाकांना हळू पण जास्त जोर देणारा गिअर, लागतो तिथला हिशेब मी तासांत करतो. फोर-लोमध्ये पहिल्या-दुसऱ्या गिअरला गाडी तासाला १५ किलोमीटर जाते आणि ४ ते ६ लिटर पिते. तो पट्टा १० किलोमीटरचा आहे की १५ चा याने फारसा फरक पडत नाही, किती तास चालला याने पडतो. उभ्या गाडीत चालू इंजिन तासाला साधारण एक लिटर घेतं. सकाळी इंजिन तापवणं, नाल्यापाशी पुढच्या गाडीची वाट पाहणं, फोटोला थांबताना चावी न फिरवणं, यात दिवसाला एक लिटर नक्की जातं. रात्री ऊब मिळावी म्हणून इंजिन चालू ठेवून गाडीत झोपणारे मी पाहिले आहेत. त्यात तेल जातंच, पण त्याहून वाईट म्हणजे कार्बन मोनॉक्साइडने माणूस झोपेतच जातो. ते अजिबात करू नका.

हे आकडे घरबसल्या काढता येतात आणि निघण्याआधी ते काढाच. गाडी प्रवासाला जशी भरणार आहात तशीच भरा: माणसं, सामान, पाण्याचे कॅन, सगळं. टाकी फुल्ल करून एखाद्या घाटात न्या, ताम्हिणी किंवा वरंध, जो जवळ असेल तो. वेग चाळीसच्या वर नेऊ नका आणि त्याच पंपावर, शक्यतो त्याच नोझलने, पुन्हा फुल्ल करा. हा झाला तुमचा 'डोंगरातलं डांबर' आकडा. मग एखादा वाहता कच्चा रस्ता बघा, धरणाच्या मागचा किंवा खाणीकडचा, मालकाची परवानगी असलेला. तिथे फोर-लोमध्ये घड्याळ लावून दोन तास चालवा आणि परत भरा. हा तुमचा तासाचा आकडा. डॅशबोर्डवरच्या पडद्यावर विसंबू नका. तो बहुतेक गाड्यांत चढवून दाखवतो, आणि त्या पडद्यावरचं 'अजून एवढे किलोमीटर जाईल' हे वाक्य तर मागच्या रस्त्यावरून काढलेलं असतं, पुढच्या नाही. मनाली-लेह रस्त्यावरच्या पांगच्या पुढच्या सपाटीवर तो ४०० दाखवेल आणि चढ लागला की अर्ध्या तासात ३०० वर येईल. या चाचणीसाठी कोकणातल्या किनाऱ्यावर मात्र जाऊ नका. वाळूचा सराव होतो हे खरं, पण कासवांची घरटी त्याच वाळूत असतात.

आता पंप. मनालीहून अटल बोगद्यातून लाहौलमध्ये उतरलात की चंद्रा आणि भागा जिथे मिळतात त्या तांदीला पंप आहे. पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर, अशी तिथली पाटी वर्षानुवर्षं प्रसिद्ध आहे. आता लेहच्या अलीकडे कारूला पंप आहे, म्हणजे सरळ गेलात तर साधारण ३३० किलोमीटर. तुमच्या टाकीला हे काहीच नाही. बारालाचा ला, नकी ला, लाचुंग ला, तंगलंग ला या सगळ्या खिंडी धरूनही ३५ लिटरच्या आसपास लागेल. मनाली ते लेह सरळ रस्त्याला व्ही-क्रॉसला कॅन लागत नाही. तरी गाड्यांच्या छपरावर चार-चार कॅन बांधलेले दिसतात, आणि त्या वजनाने चढावर तेल जास्तच जातं.

पण तुम्ही सरळ जात नाही. डेब्रिंगपाशी उजवीकडे वळून त्सो कार, तिथून त्सो मोरीरी, मग माहे, न्योमा, लोमा, हानले, उमलिंग ला जाऊन-येऊन, परत लोमा, चुशूल, पँगाँग आणि चांग लामार्गे कारू. तांदी ते कारू हे मी जोडून पाहिलं तर साडेनऊशे किलोमीटर होतात. चांगथांगात अमुक गावी पंप सुरू झाला, असं तुम्हाला वाटेत कुणीतरी सांगेल. असेल तर आनंदच आहे, पण हिशेबात धरू नका. पंप असणं, पंपात तेल असणं आणि तुम्ही पोचता तेव्हा तो उघडा आणि वीज चालू असणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. टँकर खिंडीपलीकडे अडकला की पंप असून नसल्यासारखा. हिशेबात मी फक्त तोच पंप धरतो जिथे त्याच दिवशी तेल मिळालेल्या माणसाशी माझं बोलणं झालं आहे.

तुमच्या मार्गाला, माझ्या दराने, असं लागेल. घाटातल्या डांबराचे ४१० किलोमीटर, लिटरला साडेदहाने, म्हणजे ३९ लिटर. कच्चे, उखडलेले आणि चढाचे ५४० किलोमीटर, लिटरला आठने, म्हणजे ६८ लिटर. उभ्या गाडीचे ६. वाट चुकणं, गाव शोधणं, कुणाला सोडायला दहा किलोमीटर मागे जाणं यासाठी दहा टक्के, म्हणजे ११. राखीव १५. एकूण १३९ लिटर. राखीव १५ मी हवेतून घेतलेली नाही: आपल्या सर्वांत वाईट ॲव्हरेजने किमान १०० किलोमीटर जाता यावं, ही माझी राखीवची व्याख्या. टाकीतले तळाचे ५-६ लिटर मी मोजत नाही, कारण तिरक्या चढावर ते गाडीच्या इंधनपंपाला ओढता येतीलच असं नाही. म्हणजे वापरायला टाकीत ७०. कमी पडतात ६९. एका २० लिटरच्या कॅनमध्ये १९ धरा, म्हणजे चार कॅन.

चार कॅन म्हणजे ८० किलो, कारण डिझेल लिटरला साधारण ८३० ग्रॅम भरतं आणि पोलादी कॅनचं स्वतःचं वजन चार किलोच्या आसपास असतं. पिकअपला ८० किलो जड नाहीत. माझी हरकत दुसरीच आहे. मनाली २,००० मीटरवर, आणि तुम्ही दुसऱ्या-तिसऱ्या रात्री सरचू, त्सो कार, त्सो मोरीरी असे ४,३०० ते ४,५०० मीटरवर झोपणार. अंगाला उंचीची सवय नाही, जवळ दवाखाना नाही, आणि कुणाचं डोकं दुखायला लागलं, उलट्या सुरू झाल्या, तर खाली आणायचं कसं? तेलाचा हिशेब करताना माणसांचाही करावा लागतो.

म्हणून आधी लेह गाठा. तांदीला टाकी फुल्ल, सरळ लेह, तिथे ३,५०० मीटरवर दोन पूर्ण दिवस विश्रांती. मग लेहमध्ये टाकी आणि दोन कॅन भरून फेरी सुरू करा: लेह, उपशी, चुमाथांग, माहे, न्योमा, लोमा, हानले, उमलिंग ला आणि परत हानले, लोमा, चुशूल, पँगाँगकाठचं स्पांगमिक, तांगत्से, चांग ला, कारू, लेह. त्सो कार आणि त्सो मोरीरी वेगळ्या छोट्या फेरीत करा किंवा घरी परतताना मनालीच्या वाटेवर घ्या. मार्गाचा क्रम बदलून दोन कॅन वाचतात, आणि उंचीची सवयही होते. हानले, उमलिंग ला आणि लोमा-चुशूल रस्त्याच्या परवानग्यांचे नियम बदलत राहतात. ते लेहला पोचल्यावर विचारून घ्या, जुन्या व्हिडिओंवर जाऊ नका.

या फेरीचा हिशेब बघा. लेह ते लोमा साधारण २०५ किलोमीटर, बहुतेक चांगला रस्ता, लिटरला अकरा: १९ लिटर. लोमा ते हानले ५०, लिटरला आठ: ६. हानलेहून उमलिंग ला जाऊन-येऊन १७० धरा: २१. हा रस्ता सीमा रस्ते संघटनेने डांबरी केला आहे, उंची ५,८०० मीटरच्या जवळ. पण चढ लांब आणि मधले तुकडे उखडलेले, म्हणून मी आठच धरतो. हानलेहून परत लोमा ५० आणि तिथून त्सागा ला, रेझांग ला स्मारकावरून चुशूल, मेराक करत स्पांगमिक ११५, मिळून २१ लिटर. स्पांगमिक ते लेह १६०, लिटरला अकरा: १५. बेरीज ८२, उभ्या गाडीचे ४, भटकण्याचे ८, राखीव १५. एकूण १०९. टाकीतले ७० आणि दोन कॅनमधले ३८ मिळून १०८. एक लिटर इकडेतिकडे, बसलं.

बहुतेक जण इथे कागद बंद करतात. मी इथून पुढे प्रत्येक मुक्कामावर थांबून विचारतो: आत्ता पुढची वाट बंद झाली तर मागे जाता येतं का?

हानलेला पोचलात, गाडीत ८३ लिटर. मागे लेहला जायला २५. काही चिंता नाही. उमलिंग ला करून परत हानलेला आलात, भटकणं आणि उभी गाडी धरून गाडीत ५६. मागे जायला तेच २५. अजूनही निवांत. सगळ्यांना धाकधूक असते उमलिंग लाची, कारण ती सर्वांत उंच आणि सर्वांत दूर. पण कागदावर तिथे काहीच वाईट दिसत नाही.

आता स्पांगमिक. गाडीत ३५. पुढे चांग लामार्गे कारूला जायला १२ पुरतात, म्हणून इथे सगळे खुशीत असतात. पण चांग ला ५,३०० मीटरच्या वर आहे आणि सप्टेंबरच्या शेवटी तिथे रात्रीत बर्फ पडून रस्ता बंद होऊ शकतो. झाला, तर तुम्ही आल्या वाटेने परत फिराल: स्पांगमिक, चुशूल, लोमा १४ लिटर, लोमा ते लेह १९, एकूण ३३. गाडीत ३५. जेमतेम पोचता, राखीव वापरून पोचता, पण पोचता. हाच हिशेब एकाच कॅनने केला असता तर स्पांगमिकला १६ लिटर उरले असते. तेवढ्यात लोमा ओलांडून न्योमाकडे थोडं सरकला असता आणि तिथेच थांबला असता. पँगाँगहून श्योकच्या काठाने नुब्रात उतरायचा तिसरा रस्ता आहे, डिस्किटला पंपही आहे, पण ती वाट नदी कधी खाईल याचा भरवसा नसतो, म्हणून मी ती हिशेबात घेत नाही.

दुसरा कॅन उमलिंग लासाठी नाही. तो चांग ला बंद पडली तर आहे. कुठला कॅन कशासाठी हे माहीत असलं की वाटेत तो वापरावा का, दुसऱ्या गाडीला द्यावा का, हे ठरवणं सोपं जातं.

असाच एक तक्ता तुमच्या आकड्यांनी करा आणि डॅशबोर्डला चिकटवा: मुक्काम, गाडीत असायला हवं ते तेल, मागे जायला लागणारं तेल. प्रत्येक मुक्कामावर काटा आणि कॅन बघून खरा आकडा शेजारी लिहा. खरा आकडा 'मागे जायला लागणाऱ्या'च्या जवळ आला की पुढे जायचं नाही. तिथे चर्चा नको, मतदान नको. ताफ्यात सर्वांत तहानलेली गाडी जिथून मागे फिरते तिथून सगळे मागे फिरतात.

आता कॅनबद्दल, कारण इथे हलगर्जीपणा फार चालतो. पोलादी, कडीचं झाकण असलेला २० लिटरचा कॅन घ्या. पाण्याचा किंवा खाद्यतेलाचा प्लास्टिकचा डबा नको. झाकणातलं रबराचं वायसर नवं बसवा. जुनं वायसर थंडीत कडक होतं आणि नेमकं वर गेल्यावर पाझरतं. कॅन काठोकाठ भरू नका. तापमान ३० अंशांनी वाढलं तर २० लिटर डिझेल अर्ध्या लिटरने फुगतं, शिवाय खाली बंद केलेल्या कॅनमधली हवा खिंडीत पोचेपर्यंत बाहेर ढकलायला लागते. तंगलंग लावर झाकणाची कडी ढिली केलीत की फुस्स आवाज करून हवा सुटते. झाकण तोंडाजवळ धरून एकदम उघडलं तर तेलाचे तुषार चेहऱ्यावर. आधी अर्धी कडी, थांबा, मग पूर्ण.

कॅन हौद्यात केबिनच्या पाठीला टेकवून, उभे, खाली रबरी चटई टाकून रॅचेट पट्ट्याने आवळा. छपरावर नको, तिथे ४० किलो म्हणजे उतारावर गाडी कलंडायला हातभार. केबिनमध्ये तर नाहीच. भरताना मात्र कॅन हौद्यातून उतरवून जमिनीवर ठेवा. हौद्याला प्लास्टिकचं अस्तर असेल तर त्यावरच्या कॅनचा जमिनीशी संबंध तुटतो, स्थिर वीज साठते आणि ठिणगी पडू शकते. डिझेलला हा धोका कमी, जिम्नीच्या पेट्रोलला खरा. काही पंपांवर कॅनमध्ये तेल देत नाहीत, स्थानिक आदेश असतात. वाद घालू नका, पोलादी कॅन दाखवा, कुठे चाललोय ते सांगा, नाहीतर दुसरा पंप बघा.

कॅन शेवटपर्यंत जपून ठेवायचा असतो असा समज आहे. मी उलट करतो. टाकीत जागा झाली की पहिला कॅन ओतायला लागतो, मग दुसरा. तेल टाकीत सर्वांत सुरक्षित असतं, वजन खाली येतं, आणि कॅन पाझरत असेल तर तो लेहपासून शंभर-दीडशे किलोमीटरवर कळतो, स्पांगमिकला नाही. पहिला कॅन चुमाथांगला चहा घेताना मावेल तेवढा ओता. लोमाच्या पुढे दुपारनंतर वारा सुटतो, आणि त्या वाऱ्यात कॅन तिरका धरला की धार नरसाळ्याच्या बाहेर जाऊन मागच्या फळीवर पसरते. पाचव्या मिनिटाला त्या ओल्या पट्ट्यावर बारीक पांढरी धूळ बसते आणि ती धूळ टाकीच्या तोंडाशी असते. म्हणून सकाळी ओता, गाडी आडोसा होईल अशी उभी करा, बारीक जाळीचं नरसाळं वापरा, आणि आधी ओल्या फडक्याने टाकीचं तोंड पुसा. झटकून चालणारी, घरंगळती गोळी असलेली नळी मिळते, ती त्याहून बरी. कॅन उचलावाच लागत नाही. तोंडाने नळी ओढू नका. सांडलं तर जुन्या टॉवेलात टिपून पिशवीत घालून लेहला आणा. त्या मातीत सांडलेलं डिझेल कुजायला फार काळ लागतो.

थंडीचं एक. सपाटीवरचं डिझेल हानलेच्या पहाटेला घट्ट होऊ लागतं, त्यातलं मेण फिल्टरमध्ये बसतं आणि गाडी सुरू होऊन दोन मिनिटांत बंद पडते. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ च्या नोव्हेंबरात उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल आणलं, पण ते थंडीच्या हंगामात मिळतं. सप्टेंबरमध्ये ते मिळेलच असं धरू नका. तेव्हा कॅन महाराष्ट्रातून भरून नेऊ नका, लेहला भरा. रात्री गाडीचं नाक पूर्वेकडे करून ठेवा, ऊन बोनेटवर आल्यावर सुरू करा. आधुनिक कॉमन रेल इंजिनात रॉकेल मिसळू नका, कुणी कितीही छातीठोकपणे सांगितलं तरी. टाकीखाली शेकोटी तर नकोच. गाडीला डीईएफची, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या द्रवाची, टाकी असेल तर ती लेहला भरून घ्या. ते द्रव उणे ११ ला गोठतं, गाडी ते स्वतः वितळवते. पण ते संपलं तर टाकीभर डिझेल असूनही गाडी पुन्हा सुरू होत नाही.

चालवण्याबद्दल दोनच गोष्टी. वाळू लागली की टायर २० पीएसआयच्या आसपास आणा आणि डांबरावर पुन्हा भरा. वाळूत चाकं फिरवत दहा मिनिटं घालवण्यात जितकं तेल जातं तितक्यात काही किलोमीटर झाले असते. आणि ऑफरोड म्हणजे तिथे वाईट रस्ता, रस्ता सोडून कुरणात नव्हे. त्सो कार आणि त्सो मोरीरी ही रामसर क्षेत्रं, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागा आहेत, काळ्या मानेचे क्रौंच त्या पाणथळीत अंडी घालतात, आणि चाकाचा एक पट्टा तिथे वर्षानुवर्षं राहतो. जुन्या चाकोरीतूनच जा. तेलही कमी लागतं.

राहिली जिम्नी. तिची टाकी ४० लिटरची आणि पेट्रोलला एक कायद्याची मर्यादा आहे: पेट्रोलियम कायदा, १९३४ नुसार विक्रीसाठी नसलेल्या पेट्रोलची परवान्याशिवायची सर्वसाधारण मर्यादा ३० लिटर आहे; गाडीमालकाला स्वतःच्या गाडीपुरती जास्त सूट आहे, पण मी हिशेबात ३० च धरतो. तुमच्या डिझेलला ही अडचण नाही, त्याची मर्यादा खूप वर आहे. म्हणजे जिम्नीकडे वापरायला टाकीतले ३७ आणि कॅनमधले ३०, एकूण ६७. डांबरावर तेरा आणि कच्च्यावर दहा धरलं, वर भटकणं, उभी गाडी आणि १० लिटर राखीव धरली, तर उमलिंग लासह पूर्ण फेरीला तिला ८५ च्या पुढे लागतात. बसत नाही. उमलिंग ला वगळली तर मात्र ६७-६८ लागतात. तेव्हा जिम्नी हानलेला एक दिवस उभी ठेवा आणि चौघं तुमच्या डबल कॅबमधून उमलिंग लाला जा.

पुढचं मात्र मित्राला आत्ताच सांगून ठेवा. तुमची व्ही-क्रॉस स्पांगमिकहून मागे फिरू शकते, जिम्नी नाही. स्पांगमिकला तिच्यात २३ लिटर उरतील आणि आल्या वाटेने लेहला २७ लागतात. चुशूलला असताना तिच्यात २८ आणि मागे जायला २२. म्हणजे तिची परत फिरायची जागा चुशूल. तिथे थांबा, लष्कराच्या किंवा पोलिसांच्या चौकीवर चांग ला उघडी आहे का ते विचारा, आणि 'आज उघडी आहे, उद्याचं सांगता येत नाही' असं उत्तर आलं तर दोन्ही गाड्या तिथूनच लोमाकडे वळवा. पँगाँग मग लेहहून एका दिवसात जाऊन-येऊन करता येतं, ३२० किलोमीटर, दोघांनाही कॅनशिवाय.

तुमच्या दोन चाचण्यांचे आकडे आले की, डोंगरातलं डांबर आणि फोर-लोचा तास, ते इथे टाका. त्यावरून मुक्कामवार तक्ता मी करून देतो.